तेल नंतर आलं, तटस्थता आधी

'रशियाविरुद्ध भारत बोलत नाही तो फक्त स्वस्त तेलासाठी,' हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा जेमतेम २ टक्के होता. तरी सुरक्षा परिषदेत आपण तटस्थच राहिलो. त्यामागे रशियाकडून घेतलेली शस्त्रं होती, त्यांचे सुटे भाग होते, जुनी मैत्री होती. तेल मागून आलं आणि २०२३ मध्ये वाटा एक तृतीयांशावर गेला. आता मात्र त्या तेलामुळे तोंड उघडणं आणखी अवघड झालंय, हे मान्य.

माझा धाकटा भाऊ तुर्भ्याच्या मार्केटमधून कांद्या-बटाट्याच्या गोण्या टेम्पोने ठाण्याला पोचवतो. डिझेलच्या पावत्या रबरबँड लावून डॅशबोर्डवर ठेवतो. जुलै २०२२ मध्ये राज्याने व्हॅट कमी केला, त्यानंतर मार्च २०२४ पर्यंत त्या पावत्यांवरचा दर हललाच नाही. वाढला नाही हा दिलासा खराच. पण सवलतीतल्या तेलाचा फायदा त्याच्या टाकीपर्यंत पोचलाही नाही, आणि हे तेल 'जनतेसाठी' घेतलं असं म्हणताना हे सांगायला हवं.

शिवाय इराण आठवा. इराणवर अमेरिकेचे निर्बंध होते, तरी तिथलं तेल घ्यायला आपल्याला सूट होती. २०१९ मध्ये अमेरिकेने ती सूट काढून घेतली आणि आपण ते तेल घेणं थांबवलं. गरज तेव्हाही तेवढीच होती, ८० टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरूनच यायचं. मग रशियाच्या बाबतीत वेगळं का वागलो? सुरुवातीला अमेरिकेलाही ते तेल बाजारात राहायला हवं होतं, भाव भडकू नयेत म्हणून. रशियन तेलावर पाश्चात्त्य देशांनी घातलेली पिंपामागे ६० डॉलरची किंमतमर्यादा त्यासाठीही होती: तेल वाहत राहावं, पण रशियाची कमाई कमी व्हावी.