माजी सैनिकांसाठी पक्षिनिरीक्षण आणि कांदळाचे काम: गोव्यात कुठे आणि कसे सुरू करावे?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांपैकी दहा-बारा जणांना सेवेतल्या प्रसंगांचा त्रास अजून होतो. झोप लागत नाही, बारीक आवाजाने दचकतात, गर्दीत थांबवत नाही. चौघांना पीटीएसडीचे (भीषण प्रसंगांच्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाचे) निदान झाले आहे आणि उपचार चालू आहेत. ऑक्टोबरअखेरपासून त्यांच्यासाठी निसर्गात काहीतरी नियमित सुरू करायचे आहे. सध्याचा बेत असा: मिनीबसने मोले अभयारण्यात दिवसभराचा ट्रेक, नंतर मोरजीला रात्री कासवांची राखण, मग चोडण बेटावर कांदळ (खारफुटीची झाडे) लावणे. एकाचा पाय कृत्रिम आहे, दोघांना कमी ऐकू येते. यातले काय ठेवावे, काय गाळावे? कुठे बिघडते ते आधीच सांगा.

पाणथळ:
डिचोलीकर भाऊ, पहिल्यांदा मोलेचा ट्रेक गाळा. जंगल वाईट नाही, पण अरुंद पायवाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही, ही रचना घात लावून बसलेल्या शत्रूची आठवण करून देणारी आहे. त्यात एकच मिनीबस म्हणजे मध्येच कुणाला घरी जावेसे वाटले तर वाट बंद. निघून जाता येते हे माहीत असले तरच माणूस थांबतो.

जुन्या गोव्याजवळच्या करमळीच्या तळ्यापासून सुरुवात करा. समोर मोकळे पाणी, दूरवर नजर जाते, पाठीमागे आधार घेऊन बसता येते, गाडी जवळ उभी राहते, कृत्रिम पायाला चिखल लागत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अडई, तलवार बदक, काणूक, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी असे मोठे, उघड्यावर दिसणारे पक्षी असतात. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी हे महत्त्वाचे. गोळीबाराने कान आधी 4000 हर्ट्झच्या आसपास जातात, त्यामुळे वटवट्यासारख्या लहान पक्ष्यांचे बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. ‘आवाज ओळखा’ असा खेळ ठेवलात तर ते दोघे पहिल्याच दिवशी बाजूला पडतील.

वेळ सकाळी साडेसात ते नऊ. पक्षिप्रेमी उजाडताना जातात, तुम्ही जाऊ नका. पहाट आणि संधिप्रकाश ही फौजेत ‘स्टँड-टू’ची वेळ, हत्यार घेऊन हल्ल्याची वाट पाहण्याची. काहींच्या अंगात ती घड्याळासारखी बसलेली असते. उजाडून तास झाला की तळ्यावर पक्षी तेवढेच असतात आणि ताण कमी असतो.

एका वेळी सहा जण, सोबत दोघे. एकाने पक्षी दाखवायचे; दुसऱ्याने फक्त माणसांकडे लक्ष द्यायचे, पक्ष्यांकडे अजिबात नाही. ही दुसरी जागा रिकामी ठेवण्याची चूक फार होते.

कार्यक्रम असा. पोचल्यावर सांगा: आपण इथे नव्वद मिनिटे आहोत, गाड्या तिकडे, परतीचा रस्ता हा, बाजूने रेल्वे जाते, शिटी वाजेल. मग पंधरा मिनिटे एका जागी बसून प्रत्येकाने एकच जात मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. थोडे चालून दुसऱ्या जागी पुन्हा तेच. शेवटी चहा. ‘कसे वाटले?’ विचारू नका, ‘काणूक किती?’ विचारा. सतत टेहळणी करायची सवय असलेल्या डोळ्यांना इथे निरुपद्रवी काम मिळते. आकडा लिहिला की काम संपते. पहाऱ्यावर ते कधीच संपत नाही.

एक गोष्ट आधी सांगून ठेवायलाच हवी. दलदली भोवत्या (शिकारी पक्षी) किंवा घार तळ्यावरून खाली आली की शेकडो बदके एकदम उठतात आणि पंखांचा मोठा आवाज होतो. नवख्याला तो आनंद वाटतो, इथे तो धक्का ठरू शकतो. भोवत्या दिसताच शांत आवाजात ‘आता उठतील’ म्हणा.

दुर्बीण 8×42 पुरेशी. त्याहून जास्त मोठे दाखवणारी घेऊ नका. हात थरथरतो त्यांना चित्र स्थिर दिसत नाही आणि चिडचिड होते. दुर्बीण डोळ्याला लावली की बाजूचे दिसणे बंद होते, तेही काहींना सहन होत नाही. त्यांना नुसत्या डोळ्यांनी मोजू द्या. धडाधड फोटो काढणारा कॅमेरा सोबत नको. पुढाऱ्यांसोबतचा गटफोटो तर नकोच. सोबत्यांपैकी कुणी फौजी कॅमोफ्लाज कपडे घालू नयेत.

शुश्रूषा:
पाणथळ यांचे पटते. उपचारांच्या बाजूने थोडे जोडते. हे सगळे उपचाराला जोड आहे, उपचार नव्हे. ‘निसर्गात जाऊन बरे वाटते, आता गोळ्या कशाला’ असे कुणी म्हणाले तर तिथेच थांबवा. अचानक गोळ्या बंद केल्या की चक्कर, अस्वस्थता, झोप उडणे हे दोन-चार दिवसांत सुरू होते. दारूचेही तसेच. रोज पिणाऱ्याला ‘रविवारी येताना पिऊ नका’ एवढे सांगून भागत नाही, कारण एकदम तोडल्यावर थरथर आणि झटके येऊ शकतात. त्याला आधी डॉक्टर हवा.

दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन चालू असेल तर रक्तदाब उतरतो; बसलेला माणूस पटकन उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. तळ्याकाठी सावकाश उठायला सांगा. लिथियम घेणाऱ्यांना घाम आणि पाण्याची कमतरता धोक्याची. माणशी एक लिटर पाणी ठेवाच, ऑक्टोबरची उष्णता विसरू नका.

कुणी मध्येच हरवल्यासारखा झाला, डोळे स्थिर, हाक ऐकू येत नाही, तर पाठीमागून जाऊ नका आणि हात लावू नका. समोरून, दोन हात अंतर ठेवून, नाव घेऊन बोला: ‘साहेब, आपण करमळीला आहोत. आज रविवार. समोर तळे आहे.’ पाय जमिनीवर टेकवायला सांगा, गार पाण्याची बाटली पुढे करा. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या, असे सांगू नका. डोळे मिटले की समोर तेच दिसते. काय आठवले ते खोदून विचारायचे नाही. छातीत दुखत असेल तर ती भीतीच आहे असे गृहीत न धरता 108 ला फोन.

मध्येच निघून जाणाऱ्यासाठी खूण ठरवून ठेवा, टोपी काढली तरी पुरे. मग फक्त ठरलेल्या एकाने थोडे अंतर ठेवून सोबत जायचे. दुसऱ्या दिवशी त्याला एक फोन करायचा. कुणी जगण्यात अर्थ नाही असे बोलला तर ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असे स्पष्ट विचारा. विचारल्याने विचार रुजत नाही. त्याला एकटे सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे आणि बांबोळीला मनोविकार रुग्णालय. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकचा नंबरही सोबत्यांच्या खिशात असावा.

आणि हुद्द्यांचा विषय. सुभेदार साहेबांसमोर शिपाई बोलणार नाही. ‘इथे सगळे समान’ असे जाहीर करून काही होत नाही. साहेब म्हणू द्या. फक्त मोजणीच्या जोड्या जवळच्या हुद्द्यांच्या लावा.

खाजनबांध:
कांदळाबद्दल. ऑक्टोबरात लावायला घेऊ नका. कांदळाच्या लांब शेंगा, म्हणजे झाडावरच रुजलेली रोपे, पावसाळ्यात पिकून पडतात. फळ आणि शेंग यांच्या सांध्याला पिवळसर कडे दिसले की ती तयार. हिरवी ओढून काढलेली सडते. शिवाय कांदळवन संरक्षित आहे, वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या.

तुमच्या गटाला लागवडीपेक्षा रोपवाटिका चांगली, कारण ती खाडीत न उतरता चालते. खाडीतल्या चिखलात कृत्रिम पाय रुततो आणि ओढताना सुटून येतो, कालवांच्या कडा बूट नसलेल्या पायाला कापतात. रोपवाटिकेत कमरेइतक्या उंच बाकावर पिशव्या भरता येतात. पिशवीत खाडीचाच चिखल भरा, शेंगेचे निमुळते टोक खाली, साधारण एक तृतीयांश भाग आत. उलटी खोचणे ही नेहमीची चूक. पाणी खाडीचे, मचूळ. चार-सहा महिन्यांत दोन-तीन पानांच्या जोड्या आल्या की जागेवर न्यायची. खेकडे कोवळी रोपे कुरतडतात, म्हणून काठाला बारीक जाळी लावा.

रोपाला शहीद मित्राचे नाव देऊ नका. ही कल्पना कुणीतरी हमखास मांडतो, मनापासून मांडतो. पण रोपवाटिकेतली काही रोपे मरतातच, आणि ते रोप मरते तेव्हा त्या माणसाला मित्र दुसऱ्यांदा गमावल्यासारखे होते. पाट्यांवर फक्त लावल्याची तारीख लिहा.

डिचोलीकर:
खूप आभार. मोले गाळले. कासवांचे काय? दोघा-तिघांना त्याचाच उत्साह आहे. आणि दिवाळी, फेस्त (चर्चचा उत्सव), विमाने यांचे आवाज कसे टाळायचे?

पाणथळ:
कासवांसाठी रात्रीची राखण नको. अंधारात किनाऱ्यावर गस्त घालणे म्हणजे पुन्हा पहारेकऱ्याची ड्युटी, आणि आधीच मोडलेली झोप आणखी मोडते. मोरजीला डिसेंबरअखेरीस संगीत आणि फटाकेही असतात. दक्षिण गोव्यातला गालजीबाग किंवा आगोंद किनारा निवडा. अंडी घातल्यापासून पिल्ले बाहेर यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. वनखात्याच्या रक्षकांना विचारून सकाळी पिल्ले समुद्रात जाण्याच्या वेळेला जा. पिल्लांना हात लावायचा नाही, टॉर्च आणि फ्लॅश नाही.

तारखांचे असे: दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळतात त्या रात्रीनंतरची सकाळ टाळा, बहुतेक जण झोपलेले नसतात. 24 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर जुन्या गोव्याचे नोव्हेना आणि फेस्त असते, करमळीच्या रस्त्याला गर्दी होते. त्या आठवड्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडणच्या सलीम अली अभयारण्यात जा, पण भरती-ओहोटी बघून, नाहीतर धक्का आणि बोट यांच्यातली पायरी कृत्रिम पायाला जड जाते. काजूच्या हंगामात बागायतीजवळ नको, माकडे हाकलायला फटाके वाजतात. सत्तरीच्या रानात जानेवारी ते मे गोचिडींमुळे माकडतापाचा धोका असतो, तिकडचे बेत त्या काळात ठेवू नका. विमानांसाठी एकच उपाय: ज्या वारी, ज्या वेळी गट नेणार, त्याच वारी त्याच वेळी आधी दोनदा स्वतः तिथे बसून या आणि काय-काय ऐकू येते ते लिहून काढा. दाबोळी विमानतळाच्या आसपास नौदलाची लढाऊ विमाने खालून जातात, त्या पट्ट्यात जागाच घेऊ नका.

पहिल्या दोन रविवारी दोघेच आले तरी जागा आणि वेळ बदलू नका. उरलेले तुम्ही तिथेच असता का, हे लांबून बघत असतात.