द्राक्षाचा घड आणि पेटी : जोडी वेशभूषेची तयारी (सोसायटी ग्रुप)

ए-१०२ : नमस्कार मंडळी. गणपतीतल्या जोडी वेशभूषेत आम्ही दोघं द्राक्षाचा घड आणि द्राक्षाची पेटी होणार आहोत. सगळं घरीच करायचंय. फुगे किती लागतील, आणि लावायचे कसे?

बी-४०४ : वहिनी, कल्पना छान आहे, आपल्या नाशिकचीच. मोठ्या माणसाचं छाती ते कंबर अंग मागूनपुढून झाकायला १० सेंमीचे ७० ते ८० फुगे लागतात. १०० घ्या, काही फुटणारच. ५ इंची मापाचेच मागा. १० इंची फुगा अर्धवट फुगवला की मान लांब राहते, द्राक्ष न दिसता दुधी दिसतो.
रंग नुसता पोपटी नको. थॉमसन जातीच्या हिरव्या द्राक्षाच्या मण्यावर पिवळसर झाक असते, म्हणून तीन पोपटी फुग्यांमागे एक फिकट पिवळा घ्या. काळी द्राक्षं हवी असतील तर गडद जांभळा.

ए-१०२ : सेफ्टी पिनने लावू का?

बी-४०४ : अजिबात नको. वाकलं की पिनेचं टोक शेजारच्या फुग्यात जातं. ग्लू गनही नको, गरम गोंदाने फुगा तिथल्या तिथे फुटतो. दोऱ्यानेच शिवा. गाठीच्या बाहेर जी शेपटी उरते तिला दोरा दोनदा गुंडाळायचा आणि टी-शर्टला दोन टाके घालायचे. सुई गाठीच्या आतल्या बाजूला गेली तर हवा हळूहळू जाते आणि फुगा तासाभराने सुरकुततो.
टी-शर्ट फुग्यांच्याच रंगाचा घ्या, एक माप मोठा. पांढरा असला तर प्रत्येक फटीतून डोकावतो.

सी-२०१ : टी-शर्ट सपाट ठेवून शिवू नका हं. अंगात घातला की कापड ताणतं आणि टाके तुटतात. लोडावर चढवा आणि मग शिवा. आदल्या दिवशी खडूने दर ९ सेंमीवर ठिपके काढून ठेवा. दुसऱ्या ओळीतला ठिपका पहिल्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध आला पाहिजे, तरच मणी एकमेकांत बसल्यासारखे दिसतात. खाली येताना ओळी आखूड करत न्या. काखेत आणि बसायच्या जागी एकही फुगा नको.
फुगे मात्र त्याच दुपारी फुगवा. रबराची चमक काही तासांत जाते, दुसऱ्या दिवशी फुगा धुरकट दिसतो. पुठ्ठ्याला १० सेंमीचं गोल भोक पाडा. एकाने हातपंपाने फुगवून भोकातून माप बघायचं, दुसऱ्याने शिवत जायचं. दोन तास धरून चला.

बी-४०४ : ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. त्यात एक भर घालतो. टी-शर्ट डोक्यावरून घालायची वेळ येऊ देऊ नका, कानातलं आणि मंगळसूत्र फुग्यांना लागतं. पाठीवर मधोमध उभा कापा आणि वेल्क्रो शिवा. दादांनी मागून बंद करायचा. जोडीची वेशभूषा असली की हा फायदा असतो, पाठीमागचं काम दुसऱ्याकडे देता येतं.

डी-३०३ : पेटीचं मी सांगतो. वॉशिंग मशीनचा खोका मिळाला तर उत्तम. रुंदी ६० सेंमी, खोली ४०, उंची ५०, वर आणि खाली उघडा. ६० च्या वर गेलात तर बाथरूमच्या दारातून आडवं होऊन जावं लागेल. पुठ्ठ्याच्या पन्हळी उभ्या हव्यात. आडव्या असल्या तर पेटी स्वतःच्या वजनाने मधेच मुडपते.
खांद्यावर ४ सेंमीची बॅगेची पट्टी लावा, प्रत्येकी सव्वा मीटर. पाठीवर दोन्ही पट्ट्या फुलीसारख्या न्या, नाहीतर चालताना खांद्यावरून सरकतात. पट्टीच्या भोकामागे पुठ्ठ्याचे दोन जादा तुकडे चिकटवा. फाटतं ते नेहमी तिथूनच. वरच्या कडेला एसीच्या पाइपवर असते तशी काळी फोमची नळी चिरून बसवा, काखेला काचत नाही. खालची कड गुडघ्याच्या चांगली वर हवी, जिना चढायचाय.

ए-१०२ : पुठ्ठ्याऐवजी थर्माकोल हलकं नाही का होणार, काका?

डी-३०३ : नको. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. शिवाय फेव्हिकॉल एसआर हा गोंद लावला की थर्माकोल विरघळतं. पुठ्ठा आणि फोम शीटला मात्र एसआर उत्तम. दोन्ही बाजूंना पातळ हात द्यायचा, १०-१५ मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. ओलं असतानाच दाबलं तर सरकतं. खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो.
आणि हो, गणपतीत पाऊस असणार. पुठ्ठा जास्त भिजतो तो कापलेल्या कडेतून. सगळ्या कडांना खाकी टेप दुमडून लावा.

सी-२०१ : पानं फेल्टची करा. द्राक्षाच्या पानाला पाच टोकं असतात, ते विसरलं तर पिंपळपान होतं. शिरा गडद दोऱ्याने शिवा. एक मोठं पान घडाच्या टोपीवर आणि तशीच दोन पेटीच्या कडेवर लावा. दोघं वेगळे उभे राहिले तरी जोडी आहे हे त्या पानांवरून कळतं. टोपी कपाळावर सैल नको. मागे दोन ठिकाणी बांधा, एक कानाच्या वर आणि एक खाली मानेपाशी.

बी-१०१ : चेहऱ्याला हिरवा रंग लावला तर?

सी-२०१ : फेस पेंटच, पाण्यात विरघळणारा. पोस्टर कलर किंवा होळीचा रंग नको. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

डी-३०३ : कमिटीला एक विनंती. वेशभूषा आरतीनंतर ठेवा. निरांजनाजवळ फुगे आणि क्रेप कागद नकोतच. आणि फुगा फुटला की तुकडे लगेच उचला, बारकी मुलं तोंडात घालतात.

कमिटी : मान्य, काका. आरती साडेसातला, वेशभूषा सव्वाआठला. जोड्यांना उभं राहायला पार्किंगची डावी बाजू मोकळी ठेवतो, तिथे वरून गळत नाही.

ए-१०२ : मग फुगे साडेपाचला फुगवायला घेते. लोड कोणाकडे आहे का?

सी-२०१ : माझ्याकडे दोन आहेत. संध्याकाळी येऊन घेऊन जा.