टेक्सासमध्ये वाढत्या काउंटीला नवे कोर्ट कोण देते?

फ्रिस्कोकर:
नुकताच प्रथमच ज्युरी ड्यूटीला (खटल्याचा निवाडा करणाऱ्या नागरिकांच्या मंडळासाठी आलेल्या बोलावण्याला) जाऊन आलो. दिवसभर बसूनही नावाचा पुकारा झाला नाही. पहिल्या दिवसाचे 20 डॉलर मात्र मिळाले. तेथेच कोणीतरी म्हणाले की आपल्या भागाला आणखी कोर्टे हवीत. आपल्या कॉलिन काउंटीची (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) लोकसंख्या 2010 मध्ये 7,82,341 होती, ती 2020 मध्ये 10,64,465 झाली. रस्त्यांप्रमाणे कोर्टही काउंटी स्वतः का वाढवत नाही?

मॅकिनीवासी:
कारण काउंटीला तो अधिकारच नाही. डिस्ट्रिक्ट कोर्ट स्थापन करायचे तर राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला, विधिमंडळात कायदा व्हावा लागतो, आणि विधिमंडळाचे नियमित अधिवेशन विषम वर्षी, तेही जास्तीत जास्त 140 दिवस भरत असल्याने, विधेयक अडकले की बहुधा दोन वर्षांची निश्चिंती! शिवाय येथे एक कोर्ट म्हणजे एकच न्यायाधीश. कॉलिनमधील 416 आणि 417 ही दोन स्वतंत्र कोर्टे आहेत, त्यामुळे एक न्यायाधीश वाढवायचा तरी नव्या क्रमांकाचे कोर्ट कायद्यानेच जन्माला घालावे लागते. न्यायाधीशाचा मूळ पगार राज्य देते, परंतु दालन, कारकून आणि बेलीफ यांचा खर्च काउंटीच्या माथी पडतो. म्हणून मागणी करण्यापूर्वी 'कमिशनर्स कोर्टा'ला (नाव कोर्टाचे असले तरी हे काउंटीचे कारभारी मंडळ आहे) मालमत्ता कराचे गणित मांडावे लागते.

पुण्यातील वकील:
आमच्याकडे एकाच जिल्हा न्यायालयात प्रमुख न्यायाधीशांच्या हाताखाली अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश असतात, त्यामुळे वेगळे कोर्ट न काढताही पदे वाढवता येतात. अडचण पुढे येते. उच्च न्यायालयाने प्रस्ताव पाठवला तरी पदांना आणि खर्चाला शासनाची मंजुरी लागते, आणि मंजूर झालेली पदेही रिकामी राहतात. मग बोर्डावर (त्या दिवसाच्या यादीत) प्रकरण असूनही पक्षकार पुढची तारीख घेऊन घरी जातो. तुमच्याकडे नव्या कोर्टाचा पहिला न्यायाधीश कोण नेमतो?

मॅकिनीवासी:
सर्वसाधारणपणे राज्यपाल. पुढे पक्षाच्या नावावर निवडणूक होते आणि मुदत 4 वर्षांची असते. मात्र फौजदारी कामासाठी केवळ न्यायाधीश येऊन भागत नाही. सरकारी वकील, आरोपीला नेमून दिलेला वकील आणि दुभाषी नसतील तर नवे दालनही रिकामेच राहील.

फ्रिस्कोकर:
आभारी आहे. मतपत्रिकेवरील न्यायाधीशांच्या नावांपुढचे ते तीन अंकी आकडे मी इतकी वर्षे मतदारसंघांचे क्रमांक समजत होतो.