मदत हवी आहे: क्रोशाचं चौकड्याचं कार्डिगन, उभे पट्टे घातले की पाठ आखडतेय

धागाकर्ती
नमस्कार मंडळी,

मावशीला पौषात ७५ पूर्ण होतील. क्रोशाची सुई माझ्या हातात पहिल्यांदा तिनेच दिली, म्हणून तिच्यासाठी चौकड्याचं कार्डिगन विणायला घेतलंय. पुढून उघडं, पाच बटणांचं. तिच्याकडे तसंच एक होतं, मागावरच्या गरम कापडाचं. गडद हिरवा, मोतिया आणि मरून. नाशिकच्या थंडीत पहाटे दूध आणायला ती तेच घालून जायची. आधी कोपरावर विरलं, मग कसर लागली, आणि गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत टाकावं लागलं. खिशाजवळचा वीतभर तुकडा तेवढा मी कापून ठेवला होता. तोच दुकानात नेऊन रंग जुळवून आणलेत.

लोकर अॅक्रिलिक आहे, मध्यम जाडीची, सुई ४ मिमीची. एक खांब (उंच टाका), एक साखळी, एक टाका सोडून पुन्हा खांब, अशी पोकळ घरांची जाळी घातली. ४ इंचांत ९ घरं आणि ८ ओळी बसतात. पाठ ४७ घरांची, म्हणजे जवळजवळ २१ इंच रुंद, आणि ४४ ओळींची, म्हणजे २२ इंच उंच. आडवे पट्टे असे: ४ ओळी हिरव्या, २ मोतिया, २ मरून, २ मोतिया, पुन्हा ४ हिरव्या.

इथवर सगळं नीट. मग उभे पट्टे घ्यायला लागले. घरात सुई घालायची, मागचा धागा पुढे ओढायचा, सुईवरच्या टाक्यातून काढायचा, पुढचं घर. खालपासून खांद्यापर्यंत अशी सरकत्या टाक्यांची साखळी. पहिल्या चार रेघांपर्यंत काही जाणवलं नाही. दहा झाल्यावर पाठ टेबलावर पसरली तर रेघा घातल्यात तिथे उंची १९.५ इंच, कडेला २२! कडा झालरीसारख्या उठल्यात. हात सैल सोडून पाहिला, तर साखळी लोंबते आणि त्यात बोट अडकतं. मावशीच्या बांगड्या तर हमखास अडकतील.

माझे प्रश्न:
उभ्या रेघा न आवळता कशा घालायच्या?
चौकडे थोडे उभट दिसतायत, ते चौरस होतील का?
पुढचे दोन भाग आणि पाठ यांचे पट्टे बगलेच्या शिवणीत आणि बटणपट्टीपाशी जुळायला हवेत, तर घरं कुठून मोजू?
बाह्यांचं काय करू?

हाताशी २४ दिवस आहेत. उसवावं लागणार असेल तर स्पष्ट सांगा, मी उसवीन.

लोकरगुंडा
ओलं करून, ताणून, पिना टोचून दोन दिवस ठेवा. माझी शाल अशीच सरळ झाली होती.

सुईदोरा
शाल शुद्ध लोकरीची असेल. ती पाणी प्यायली की सैलावते आणि वाळताना दिलेला आकार धरते. अॅक्रिलिक तसं नाही. आज ताणलेलं दोन धुण्यांत परत गोळा होणार. आणि ताई, कुणी गरम इस्त्री सुचवली तर मुळीच फिरवू नका. अॅक्रिलिकचा धागा उष्णतेने मरतो, म्हणजे लुळा आणि चकचकीत होतो, आणि मग काही केल्या पूर्ववत होत नाही.

कारण साध्या हिशोबात आहे. तुमच्या ४ इंचांत ८ ओळी, म्हणजे एक ओळ अर्धा इंच उंच. ४ मिमीच्या सुईवर सरकता टाका जेमतेम पाव इंच लांब होतो. अर्ध्या इंचाच्या ओळीला पाव इंचाचा टाका! उरलेलं अंतर तो आपल्याकडे ओढून घेणारच. तुमचा हात चुकलेला नाही, मोजमापच जुळत नाही.

साखळीच हवी असेल तर ६ मिमीची सुई घ्या आणि प्रत्येक टाका ओळीइतका लांब ओढून मगच पुढच्या घरात जा. पण बांगड्यांचं तुम्ही म्हणताय ते खरं आहे, लांब टाके अडकतातच. माझं मत विचाराल तर साखळी सोडा आणि धागा ओवा. बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई, त्यात दुपदरी लोकर, आणि प्रत्येक घराच्या वर जी एक साखळी आडवी पडलेली असते तिच्या एकदा खालून, एकदा वरून. शेजारच्या उभ्या रांगेत उलट: जिथे वरून गेलात तिथे खालून.

इचलकरंजीकर
सुईदोरा यांच्याशी पूर्ण सहमत, आणि त्याला आवळण्यापलीकडचंही एक कारण आहे.

आमच्या घरी माग होते, आजोबांच्या हाताखाली मी ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, भरायला बसायचो. मागावर चौकडा पडतो तो ताण्यात आणि बाण्यात (आडव्या धाग्यांत) रंगांचा एकच क्रम घेतल्यामुळे. उभा हिरवा आडव्या हिरव्यावर आला की भरीव हिरवा. उभा हिरवा आडव्या मोतियावर आला की ठिपका हिरवा, ठिपका मोतिया, आणि लांबून डोळ्याला तिसराच फिका हिरवा दिसतो. तीन रंगांत भरीव चौकटी तीनच. बाकी सगळ्या मिसळीच्या. चौकड्याचा जीव त्या मिसळीत असतो.

सरकत्या टाक्यांची साखळी कापडाच्या वर बसते. खालचा आडवा रंग ती पूर्ण झाकते, म्हणून मिसळ होतच नाही. चौकड्याऐवजी पट्ट्यांवर गज ठोकल्यासारखं दिसतं. खाली-वर ओवलेला धागा मात्र निम्मा दिसतो, निम्मा दडतो, अगदी ताण्यासारखा. मावशींच्या जुन्या कार्डिगनचा तुकडा तुमच्याकडे आहेच. भिंग घेऊन हिरवा आणि मोतिया जिथे भेटतात ती जागा बघा.

धागाकर्ती
भिंग नव्हतं, मोबाईलचा कॅमेरा मोठा करून पाहिला. तुम्ही म्हणालात तेच! मी फिका हिरवा चौथा रंग समजून दुकानात शोधत होते, मिळाला नाही म्हणून हळहळले होते. तो रंग नव्हताच.

दहाही रेघा उसवल्या. जाळी सुखरूप आहे, तासाभरात पुन्हा सपाट बसली. ओवायला किती लांब तुकडे कापू? आणि लोकर पुरेल का? हिरवी २५० ग्रॅम आहे, मोतिया आणि मरून प्रत्येकी १५०.

सुईदोरा
२२ इंचांची पाठ, खाली-वर जाण्यात थोडी लांबी खर्च होते, शिवाय दोन्ही टोकांना तीन-तीन इंच शेपट्या हव्यात. ३० इंच धरा. दोन पदर, ४७ रांगा: पाठीला सगळे रंग मिळून साधारण ७२ मीटर. त्यात निम्म्याच्या आसपास हिरवी. तरी हिरव्याच्या कागदावरचा लॉट नंबर आत्ताच लिहून ठेवा. पुढे एखादा गुंडा कमी पडला आणि दुसऱ्या लॉटचा आला, तर बाहीचा हिरवा वेगळा दिसेल.

मांडीवर घेऊन ओवू नका. टेबलावर सपाट पसरा. एक रांग ओवून झाली की कापड वर-खाली धरून हलकासा हिसका द्या, म्हणजे धागा आपल्याला हवा तेवढा आत घेतो. पट्टी लावा, २२ भरले तरच पुढची रांग. शेपट्या आत्ता गाठू नका. खालच्या शेपट्या काठाच्या मुक्या खांबांत (खांबाहून बुटक्या टाक्यांत) दाबून टाका, वरच्या खांद्याच्या शिवणीत जातील.

उभटपणाची काळजी ओवून होईपर्यंत बाजूला ठेवा. घरं भरली की कापड रुंदीला किंचित फाकतं आणि चौकडा चौरसाकडे सरकतो. मागावरचे चौकडेही नेहमी काटेकोर चौरस नसतात.

एक मात्र ध्यानात घ्या: ओवल्यावर कापड उभं ताणलं जात नाही. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, नेहमीपेक्षा अर्धा इंच मोठा ठेवा. ७५ वर्षांच्या बाईला हात मागे नेऊन बाही चढवताना त्रास होऊ नये.

चौकोनी_घर
घरांच्या मोजणीबद्दल कुणी बोललं नाही, आणि तिथेच घोटाळा होणार आहे म्हणून लिहिते. तुमची ४७ घरं विषम आहेत आणि हिरवा पट्टा ४ चा, सम. पाठीच्या बरोबर मध्ये हिरवा आणायला गेलात तर एका बाजूला एक घर जास्त येणार. एवढ्यासाठी जाळी उसवू नका. मधला एकच हिरवा पट्टा ५ घरांचा करा, कुणाच्या नजरेला येत नाही. तिथून दोन्ही बाजूंना: २ मोतिया, २ मरून, २ मोतिया, ४ हिरवी, आणि हेच पुन्हा एकदा. झाली २०. उरलं एक घर कडेला, ते शिवणीत जाईल. ५ आणि दोन्हीकडे २१, मिळून ४७.

पुढचे भाग बटणपट्टीकडून मोजू नका, बगलेकडून मोजा. पहिलं घर शिवणीचं. मग २ मोतिया, २ मरून, २ मोतिया, ४ हिरवी, आणि पुन्हा तेच. २१ घरं. पाठ बगलेत हिरव्यावर संपते, पुढचा भाग मोतियापासून सुरू होतो, त्यामुळे शिवण ओलांडताना क्रम तुटत नाही. आणि दोन्ही पुढचे भाग बटणपट्टीपाशी हिरव्यावरच येऊन थांबतात. पट्टी मुक्या खांबांची, हिरवीच, दीडेक इंच रुंद करा. एकूण घेर साधारण ३९ इंच होईल. छाती ३६ असेल तर आत ब्लाउज आणि पातळ स्वेटर घालूनही बसेल.

आडव्या ओळी मात्र तिन्ही भागांत खालच्या काठापासून एकसारख्याच मोजा. एक ओळ मागेपुढे झाली तर बगलेत पायरी दिसते.

धागाकर्ती
छाती ३६ च आहे. मी हे वहीत उतरवून घेतलं. बाह्या राहिल्या.

चौकोनी_घर
बाही खांद्याकडून मनगटाकडे विणा. ९ इंचांचा मुंढा धरला तर वरची रुंदी १८, म्हणजे ४१ घरं. मध्ये तोच ५ घरांचा हिरवा, तो खांद्याच्या शिवणीसमोर येतो. दर तिसऱ्या ओळीला दोन्ही कडांचं एकेक घर कमी करा. ३० ओळींत २१ घरं उरतात, सव्वानऊ इंच, तिथून मनगटाची पट्टी. घटवणं फक्त कडेला ठेवलंत तर मधले उभे पट्टे सरळ राहतात. बाहीचे आडवे पट्टे अंगाच्या पट्ट्यांशी सगळीकडे जुळत नाहीत, त्यात वेळ घालवू नका.

इचलकरंजीकर
ओवायच्या आधी मरून लोकरीचा हातभर तुकडा ओला करून पांढऱ्या सुती फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा. मोतियाशेजारी मरून आहे. रंग सुटणार असेल तर तो फडक्यावरच सुटू दे.

धागाकर्ती
सहा दिवसांनी आले. फडकं कोरं निघालं. पाठीच्या ४७ ही रांगा ओवून झाल्यात, उंची मध्ये २२, कडेला २२, रुंदी सव्वाएकवीस. चौकडा आता जवळपास चौरस दिसतो. पहिल्या संध्याकाळी मी पाचच रांगा केल्या, प्रत्येक रांगेनंतर पट्टी लावत. हिरवा मोतियावर आला आणि तो फिका रंग आपोआप उमटला, तेव्हा जुना तुकडा त्याच्या शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले होते.

डावा पुढचा भाग सुरू केलाय. गळ्याचा उतार आला की मधल्या रांगा अर्ध्यावर थांबतील, त्यांच्या शेपट्या गळपट्टीत दाबायच्या ना? आणि काजं कोणत्या बाजूला?

सुईदोरा
हो, गळपट्टीतच. काजं उजव्या पट्टीला, बटणं डाव्या. बटणं आधी विकत आणा आणि मग काजं घाला, उलटं नको. मोठी घ्या, पाऊण इंचाच्या आसपास, चार भोकांची. थंडीत बोटं आखडलेली असतात, लहान बटण काजात जात नाही.