तुर्कांनी खटले चालवले होते
पहिल्या महायुद्धात ऑटोमन तुर्कांच्या राज्यात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलीबद्दल 'तुर्कस्तानने कधीच कोणावर साधा खटलाही चालवला नाही' असं कोणीतरी म्हटलं होतं, ते आजच्या तुर्कस्तानबद्दल ठीक आहे पण १९१९ ला लागू नाही. पहिलं महायुद्ध हरल्यावर इस्तंबूलमधे सुलतानाच्याच सरकारने लष्करी कोर्ट बसवलं होतं, जज पण तुर्की, आणि निकाल सरकारी गॅझेटमधे छापून यायचे. योजगात या जिल्ह्यातल्या कत्तलीच्या केसमधे अधिकाऱ्यांनी एकमेकांना केलेल्या तारा वाचल्या गेल्या, त्यात आर्मेनियन लोकांना 'रवाना केलं' असं लिहिलेलं आणि कोर्टात त्याचा अर्थ निघाला की मारून टाकलं. म्हणजे ऑफिसची भाषा बघा, पार्सल पाठवल्यासारखी! त्याच केसमधे बोआझलियानचा कायमकाम (आपल्याकडचा तहसीलदार समजा) मेहमेद केमाल याला एप्रिल १९१९ मधे बायझिद चौकात जाहीर फाशी दिली. जुलैमधे युद्धकाळात सत्ता चालवणाऱ्या तलात, एन्वर, जेमाल या तिघांनाही फाशी सुनावली पण ते आधीच जर्मन जहाजातून पळाले होते, त्यामुळे ती कागदावरच राहिली.

पुढचं जास्त बोचतं. १९२२ मधे अंकाराच्या संसदेने (सुलतानाविरुद्ध उभ्या राहिलेल्या नव्या राष्ट्रवादी तुर्कांची) त्याच फाशी गेलेल्या केमालला राष्ट्रीय हुतात्मा ठरवलं. तलातला १९२१ मधे बर्लिनच्या रस्त्यात तेहलिरियान या आर्मेनियन तरुणाने गोळी घातली होती, त्याचे अवशेष १९४३ मधे हिटलरच्या जर्मनीने परत पाठवले आणि इस्तंबूलमधे सन्मानाने पुरले. त्यामुळे 'तुर्कांना या कत्तलीचं माहीतच नव्हतं' हे मला तरी पटत नाही, स्वतःच्याच कोर्टाचं गॅझेट होतं की.