कोथरूडमध्ये भाजी-किराणा आणून द्यायचं काम सुरू करू का?

आमच्या सोसायटीत बऱ्याच घरी दोघंही हिंजवडीला जातात, रात्री 9 ला येतात, मग भाजी आणणार कधी? मी पहाटे मार्केट यार्डातून आणून घरपोच द्यायचं म्हणतेय, पण 10 मिनिटांत देणारी अ‍ॅप्स असताना चालेल का?

— ताई, नक्की चालेल! भेंडीचं टोक मोडून, कोवळी बघून कोण देतं हो हल्ली? मी तर आनंदाने पैसे देईन.

— आधी 10च घरं धरा, आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आणि पैसे आगाऊच. मी उधारीवर केलं, तिसऱ्या महिन्यात बंद करावं लागलं, अजून वाईट वाटतं.

— आणि एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन करून घ्या, ऑनलाइन होतं.