सिटी ग्रुप गेला, आता मुंबई सिटीचं काय?

(कुडाळ, सोसायटीचा ग्रुप, जानेवारी २०२६)

बी-३०१: नमस्कार मंडळी. आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग फुटबॉल, एकदाची १४ फेब्रुवारीला सुरू होतेय. सेक्रेटरी काका, खालच्या हॉलमध्ये मुंबई सिटीचा पहिला सामना मोठ्या पडद्यावर लावला तर चालेल का? प्रोजेक्टर मी आणतो.

सेक्रेटरी: हॉल मिळेल. साडेदहाला आवाज बंद म्हणजे बंद, खाली दोन घरांत दहावीची मुलं आहेत. सामना दिसणार कुठल्या चॅनलवर?

बी-३०१: तेच अजून ठरलेलं नाही काका. स्पर्धा महिन्यावर आली आणि दाखवणार कोण, याचा पत्ता नाही.

ए-१०४: तुमचो मोठो मालक गेलो मा सोडून? मगे आता फातोर्ड्याक, आमच्या एफसी गोवाच्या मैदानार येवा. बांदा, पत्रादेवी ओलांडली की पोचलास. अंधेरीक जावक रात्र मोडूची लागता.

बी-३०१: गेला काका, खरंय. २६ डिसेंबरला जाहीर केलं. मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला होता, तो सगळा सोडला. क्लब पुन्हा जुन्या मालकांकडे, म्हणजे रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे आलाय. पण त्या सहा वर्षांत काय मिळालं तेही बोला. दोन वेळा लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिला नंबर, आणि दोन वेळा कप, म्हणजे बाद फेरीनंतरची अंतिम लढत. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकलेला तो पहिला भारतीय क्लब. ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ हरवून कप आणला. पहिला गोल बागानचा होता, तरी. अंधेरीला नोकरीत असताना मी या क्लबचे सामने स्टँडमध्ये उभं राहून बघितलेत. मालक गेला म्हणून क्लब सोडायचा नसतो.

ए-१०४: क्लब सोड म्हणान कोण सांगता? पण ते कप खंयसून इले ताय सांग. २०२० साली आमचो कोच लोबेरा उचललास, खेळाडू फॉल, जाहू, बुमू उचललास. मंदार राव देसाई तर आमच्या घरचो झील, तोय नेलास. आणि त्याच मोसमात सेमीफायनलाक आमकाच पेनल्टीर हरवलास. ता मी मरेसर विसरूचंय नाय.

बी-३०१: नाकारत नाही काका. बुमूचा तर करार चालू होता, तो मोडायला पैसे मोजले. एफसी गोवाने २०१९-२० ला शील्ड जिंकली, त्या संघाचा कणाच मुंबईत आला. पण आता तीच वेळ आमच्यावर आलीय. २०२४ मध्ये अपुइया बागानकडे गेला, पेरेरा डियाझ आणि राहुल भेके बंगळुरूला. ग्रेग स्टुअर्ट तर मोसमाच्या मध्यातच गेला, पुढे तोही बागानकडे. २०२५ मध्ये बिपिन ईस्ट बंगालला, मेहताब बागानला. एप्रिल २०२५ च्या उपांत्य फेरीत जमशेदपूरविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटांत बागानला अंतिम फेरीत नेणारा गोल अपुइयाचा होता. तो बघताना टाळी वाजवावी की डोळे मिटावेत ते कळेना. आणि त्याच मोसमात बाद फेरीत बंगळुरूने आम्हाला ५-० ने धुतलं.

ए-२०२: दादा, ताळेबंद तपासणं हा माझा व्यवसाय, म्हणून थोडं लिहिते. खेळाडू गेला की आपण म्हणतो क्लबने विकला. दर वेळी विकलेलाच असतो असं नाही. करार संपला तर तो फुकट जातो, क्लबच्या हाती शून्य. करार शिल्लक असेल तरच दुसरा क्लब पैसे मोजतो. आणि विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत वहीत एका वर्षात पडत नाही. समजा ३ कोटींना घेतला आणि ३ वर्षांचा करार केला, तर दरवर्षी १ कोटी खर्च दाखवतात. दोन वर्षांनी तो २ कोटींना गेला, तर वहीत १ कोटी नफा, कारण वहीत त्याची किंमत १ कोटीच उरलेली असते. स्वतःच्या अकादमीत वाढवलेल्या पोराची वहीतली किंमत जवळजवळ शून्य, म्हणून तो विकला की आलेली सगळी रक्कम नफा. अकादमीकडे क्लबांनी खर्च म्हणून बघणं थांबवावं, असं मला वाटतं ते यामुळेच.

बी-३०१: ताई, मग मुळात आपल्याकडचे क्लब तोट्यात का? अंधेरीला तर तिकिटं खपायची.

ए-२०२: अंधेरीचं मैदान सात-आठ हजारांचं. तिकिटांवर क्लब चालत नाही. प्रायोजक, प्रक्षेपणातून येणारा हिस्सा आणि मालकाचा खिसा, हे तीन खांब. आपल्याकडे तिसरा खांब सगळ्यात जाड. मालक पैसे घालतो ते भागभांडवल म्हणून किंवा कर्ज म्हणून. तो निघून गेला की कोणतं काय होतं आणि ते माफ केलं की वसूल करणार, हे बघायचं असतं. मालक बदलल्याची बातमी आली, पण हा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणि दुसरा खांब का कोसळला तेही बघा. २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने १५ वर्षांचा करार केला. वर्षाला ५० कोटी रुपये महासंघाला मिळायचे, बदल्यात व्यावसायिक हक्क आयएसएल चालवणाऱ्या एफएसडीएल कंपनीकडे. तो करार ८ डिसेंबर २०२५ ला संपला. पुढचा करार होईना, म्हणून ११ जुलैलाच एफएसडीएलने क्लबांना कळवलं की मोसम थांबवतोय. नोव्हेंबरमध्ये महासंघाने निविदा काढली, एकही बोली आली नाही. मधल्या काळात बंगळुरूने पगार थांबवले, चेन्नईयिनने कामकाज थांबवलं. १५ वर्षं सगळं एकाच करारावर टांगलेलं होतं. संपायची तारीख पहिल्या दिवसापासून कागदावर होती, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

बी-१०२: ताई, पगार थांबले तेव्हा खेळाडूंनी काय केलं असेल? आमच्या कॉलेजच्या संघातल्या मुली विचारत होत्या.

बी-३०१: अगं, वर्षाच्या सुरुवातीला भारताकडून खेळलेल्या छेत्री, गुरप्रीत, झिंगन यांनी मिळून व्हिडिओ टाकला. थेट फिफाला हाक मारली, भारतीय फुटबॉल वाचवा म्हणून. मग ६ जानेवारीला क्रीडामंत्री मांडविया यांनी तारीख जाहीर केली. १४ संघ, ९१ सामने. प्रत्येकजण प्रत्येकाशी एकदाच खेळणार. एवढासा मोसम, तोही सरकारने मध्ये पडून.

ए-१०४: ह्या पयल्यांदा नाय. साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो, २०१६ साली हे तिनय गोंयचे क्लब आय-लीगमधून, म्हणजे आयएसएलच्या आधीच्या देशाच्या लीगमधून, बाहेर पडले. धेंपो पाच वेळा देशात पयलो इल्लो. त्यांका आपलां नाव होतां, गावागावात आपली माणसां होती. नव्या नकाशार त्यांका जागा रवली नाय. तेव्हा मुंबयचे पेपर खंय होते?

सी-१०३: काका, पेपरचं मी सांगतो, वीस वर्षं वार्ताहर आहे. सामना सुरू होतो साडेसातला, संपतो साडेनऊच्या आसपास. आमच्या जिल्हा आवृत्तीचं क्रीडा पान त्याआधी लागायला घेतात. क्रिकेटचा सामना असेल तर जागा राखून ठेवतात, फुटबॉलसाठी ठेवत नाहीत. मग एजन्सीचा चार ओळींचा मजकूर पडतो, तोही दुसऱ्या दिवशी उरलेल्या जागेत. ताळेबंद, मालकी, पगार यावर लिहायला माणूस लागतो, वेळ लागतो. तो माणूस कुठल्याच डेस्कवर उरलेला नाही.

पण फुटबॉलला जागाच नाही असंही नाही. १४ डिसेंबरला वानखेडेवर मेस्सी आला. सचिनने त्याला आपली १० नंबरची जर्सी दिली, छेत्री तिथेच होता. पहिलं पान भरलं, चॅनलवर दिवसभर तेच. आदल्या दिवशी कोलकात्यात गोंधळ झाला, तोही दिवसभर. आणि त्याच आठवड्यात देशाच्या लीगचा करार संपून ती कायद्याने पोरकी झाली होती, ते आत कुठेतरी. मी स्वतः मेस्सीवर लिहिलं, तोही मोठा दिवस होता. लीगवर लिहिलेलं मात्र छापून आलं नाही.

बी-१०२: काका, मुलींचं तर विचारूच नका. ५ जुलैला आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्या देशात २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आशियाई करंडकात पहिल्यांदा पोचलो. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात स्पर्धा आहे. आमच्या वर्गात संगीताचं नाव दोघींनाच माहीत होतं.

सी-१०३: बरोबर बोललीस. मार्चमध्ये त्याच्या बातम्या मी पाठवीन. छापायला लावणं माझ्या हातात नाही, पण पाठवीन नक्की.

बी-३०१: माझाही राग तोच आहे. २०२३ मध्ये नेमारचा सौदी क्लब अल हिलाल आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये आमच्या गटात आला तेव्हा आठवतंय? ‘नेमार भारतात येणार’ एवढंच सगळीकडे. ऑक्टोबरमध्ये त्याचा गुडघा गेला आणि बातम्या बंद. नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर सामना झालाच की. आम्ही ०-२ हरलो, पण आशियातल्या सगळ्यात श्रीमंत संघापुढे आपली पोरं नव्वद मिनिटं उभी राहिली. त्यावर धड एक लेख नाही.

ए-१०४: आमचांय तसांच झालां. ऑक्टोबरात रोनाल्डोचो सौदी क्लब अल नासर फातोर्ड्याक इलो. रोनाल्डो येतलो, येतलो, नाय इलो, संपली बातमी. मी मैदानात होतंय. ब्रायसननं एक्केचाळिसाव्या मिनिटाक गोल मारलो तेव्हा बाजूक बसलेलो म्हातारो माणूस खुर्चीर उभो रवलो, टोपी हातात घेऊन. २-१ नं हरलव. पण आमच्या गोंयच्या पोरान अल नासराक गोल मारलो, ह्यां पानभर लिवण्यासारखां नाय काय?

बी-३०१: आहे काका. शंभर टक्के आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. अमका येणार, तमका जाणार, यावर आपण रात्र रात्र भांडतो. मीही भांडतो. पण मालक जाताना क्लबच्या नावावर काय राहतं, हे विचारायची सवय आपल्याला लागली पाहिजे. मैदान भाड्याचं. खेळाडू दोन-तीन वर्षांच्या करारावर. उद्या जुन्या मालकांनीही हात वर केले तर? पुण्याचं बघा. पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला, त्याच्या जागी हैदराबाद आलं. त्या हैदराबादने मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्यालाच कप जिंकला. पुढे पगार थकले, परदेशी खेळाडूंची देणी थकल्यामुळे फिफाने नवीन खेळाडू घ्यायला बंदी घातली, आणि २०२५ मध्ये क्लब दिल्लीला गेला. विजेते होऊन तीन वर्षंच झाली होती! बालेवाडीला जाणाऱ्या पुण्याच्या मुलांनी आता कुणाची जर्सी घालायची? जर्मनीत मतदानाचे निम्म्याहून जास्त हक्क क्लबच्या सभासदांकडेच ठेवावे लागतात. आपल्याकडे सभासद हा प्रकारच नाही, आपण फक्त गिऱ्हाईक.

ए-२०२: सभासद असले म्हणजे हिशेब सुधारतो असं नाही हं दादा. बार्सिलोना सभासदांचाच क्लब आहे. तरी एक अब्ज युरोच्या वर कर्ज झालं आणि २०२१ मध्ये पगाराच्या मर्यादेत बसेना म्हणून मेस्सीला सोडावं लागलं. फरक एवढाच की तिथे सभासदांना हिशेब मागता आला आणि अध्यक्ष बदलता आला.

बी-३०१: मग आपण काय मागू शकतो?

ए-२०२: मागायची गरजच नाही, बघता येतं. आयएसएलचे क्लब कंपन्या आहेत. त्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर जातात. १०० रुपये भरले की कुणालाही उघडता येतात. त्यात तीन गोष्टी बघायच्या. पगारावरचा खर्च उत्पन्नाच्या किती पट आहे, संबंधित कंपन्यांकडून घेतलेलं कर्ज किती, आणि साचलेला तोटा किती. मुंबई सिटीचे मी काढते. सिटी ग्रुप बाहेर पडल्याचा परिणाम मात्र मार्च २०२६ चा ताळेबंद येईल तेव्हाच दिसेल, तोवर थांबावं लागेल.

ए-१०४: एफसी गोवाचेय काढ गो बाय. पैसे मी दितंय. आमचां बरां चल्लां आसा असां आमी नुसते म्हणतंव. सुपर कप तीनदा आणलव, पण वहीत काय आसा ता बघूक होयां.

ए-२०२: काढते काका. पैसे नकोत.

सी-१०३: ताई, काढलेत की मलाही पाठवा. दोन क्लबांचे हिशेब शेजारी शेजारी ठेवून लिहितो. संपादकांकडे या वेळी मी स्वतः जाऊन बसेन.

सेक्रेटरी: चर्चा चांगली चालली आहे, पण उद्या सकाळी सात ते अकरा टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा. बी-३०१, हॉलची तारीख वेळापत्रक आल्यावर सांगा, वहीत नोंद करतो.

बी-३०१: सांगतो काका. आणि ए-१०४ काका, गोवा-मुंबई एकदाच आहे या वेळी. फातोर्ड्याला पडला तर माझ्या गाडीतून जाऊ. बी-१०२, तुझ्या संघातल्या दोघी-तिघींना जागा आहे, घरी विचारून सांग.

ए-१०४: येतंय. पण मी गोवाच्या बाजूक बसतलंय.